चिठ्ठीविना विकली जाणारी घशाची औषधे : कोणते, कोणास, किती दिवस?

आश्विन सरून कार्तिक लागला की आपल्या जिल्ह्यातील औषधांच्या दुकानांतून एक वाक्य दिवसाकाठी अनेकदा ऐकू येते : ‘घशाची एखादी गोळी द्या.’ पहाटेचा गारठा, दुपारचे ऊन, प्रवरा-मुळेच्या काठी सुरू झालेला उसाचा गळीत हंगाम, कच्च्या रस्त्यांवर ट्रॅक्टरांनी उडवलेला फुफाटा, कांद्याच्या बाजारातील पातीची धूळ, आणि गावोगावचे सप्ताह व कीर्तने या सर्वांचा भार अखेर कंठावर येतो. शिक्षक, कीर्तनकार, भाजीविक्रेते, बसवाहक, ऊसतोड मजूर अशा सर्व थरांतील रुग्ण प्रथम वैद्याकडे जात नाहीत. ते दुकानाच्या फळीपाशी येतात. म्हणजे कंठरोगाची पहिली तपासणी, कोणी मानो वा न मानो, दुकानातच होत असते. ती कशी व्हावी, याचा विचार वैद्य आणि औषध दुकानदार यांनी एकत्र बसून करावा, या हेतूने हा लेखनप्रपंच.

औषधे व प्रसाधने कायदा, १९४० मध्ये ‘ओटीसी’ या शब्दाची व्याख्या नाही. आयुर्वेदीय औषधांच्या उत्पादनास परवाना लागतो. परंतु अ‍ॅलोपॅथिक औषधांप्रमाणे त्यांच्या किरकोळ विक्रीस स्वतंत्र परवान्याची अट नाही. त्यामुळे खदिरादी वटी औषधालयात मिळते, तशीच ती किराणा दुकानातही मिळते. पुदिन्याचा थंडावा देणाऱ्या कित्येक लोकप्रिय गोळ्यांवर ‘आयुर्वेदिक औषध’ असे छापलेले असते, हे ग्राहकाच्या ध्यानीही नसते. ही मोकळीक आपल्या शास्त्रावर समाजाने दाखवलेला विश्वास आहे. तो विश्वास टिकवण्याची जबाबदारी मात्र कायद्यावर टाकता येत नाही. ती आपलीच आहे.

शास्त्राची बैठक

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या सोळाव्या अध्यायात पासष्ट मुखरोग सांगितले असून त्यांपैकी सतरा कंठगत आहेत. या सतरांत साधी पीडा देणारे रोग आहेत, तसेच प्राणघातक रोहिणीही आहे. रोहिणीचे पाच प्रकार आचार्यांनी प्रथम मांडले, यातच त्यांची दृष्टी दिसते. घसा दुखणे हे लक्षण आहे, रोग नव्हे. आणि त्या लक्षणाच्या आड काय दडले आहे ते पाहिल्यावाचून औषध देऊ नये, असा त्याचा अर्थ होतो.

चरकाचार्यांचे कंठ्य महाकषाय आपण विद्यार्थिदशेत पाठ केलेले असते : सारिवा, इक्षुमूळ, यष्टिमधु, पिंपळी, द्राक्षा, विदारी, कैडर्य, हंसपदी, बृहती व कंटकारी. ज्या जिल्ह्यात उसाचे फड नजर पोहोचेल तेथवर पसरले आहेत, तेथील वैद्याने इक्षुमूळ कंठ्य आहे याचा विसर पडू देऊ नये! परंतु या गणाकडे बारकाईने पाहिले असता आणखी एक गोष्ट ध्यानात येते. द्राक्षा, विदारी, यष्टिमधु, सारिवा ही मधुर व शीत-स्निग्ध कार्य करणारी द्रव्ये. तर बृहती व कंटकारी ही कटु-तिक्त व उष्ण. एकाच ‘कंठ्य’ नावाखाली परस्परभिन्न गुणांची द्रव्ये एकत्र नांदत आहेत. म्हणजे कंठास हितकर काय, हे कंठाच्या अवस्थेवर अवलंबून आहे.

हा विचार आपल्या जिल्ह्यास परका नाही. वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ साली नगर येथे आयुर्वेद महाविद्यालयाची स्थापना केली. त्यांच्या ‘आयुर्वेदीय औषधीगुणधर्मशास्त्र’ या ग्रंथाने वैद्यांच्या पिढ्यांना कल्प हा रोगाच्या नावावर न देता घटक व अवस्था पाहून द्यावा, ही शिस्त लावली. शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले. ती शिस्त मात्र जुन्याच नेमाने चालली पाहिजे.

घसा कोणता, ते प्रथम पाहावे

व्यवहारात दुकानापाशी येणारे बहुतेक घसे चार प्रकारांत मोडतात.

पहिला वातप्रधान : फार बोलल्याने, धुळीने, जागरणाने कोरडा पडलेला, टोचल्यासारखा वाटणारा, आवाज बसलेला. येथे स्नेह व माधुर्य हवे. यष्टिमधु, मनुका, कोमट दुधात तूप, एलादी वटी यांचा उपयोग होतो. अशा रुग्णास मिरी-लवंगेच्या तीक्ष्ण गोळ्या दिल्यास क्षणभर बरे वाटून कोरडेपणा वाढतो. मौन हे येथील सर्वांत स्वस्त व गुणकारी औषध होय. सप्ताहाच्या दिवसांत ते कोणी घेत नाही, ही गोष्ट वेगळी.

दुसरा पित्तप्रधान : लाल, आग होणारा, गरम पदार्थ नकोसा वाटणारा. सारिवा, यष्टिमधु, खडीसाखर, त्रिफळा वा यष्टिमधूच्या थंड केलेल्या काढ्याचा गंडूष योग्य. येथे त्रिकटू देणे म्हणजे आगीत तेल ओतणे.

तिसरा कफप्रधान : जड, चिकट, खाजणारा, नाक वाहणारा. लवंगादी वटी, व्योषादी वटी, हळद-मिठाच्या कोमट गुळण्या, कंटकारीयुक्त काढा येथे शोभतात. एलादीसारखा मधुर-स्निग्ध कल्प येथे कफाची भर घालतो.

चौथा प्रकार फळीवर हमखास निसटतो. सकाळी उठल्यावर घसा खवखवणारा, आंबट पाणी वर येणारा, दिवसा बरा वाटणारा हा घसा मुळात अम्लपित्ताचा असतो. रात्री उशिरा जेवून लगेच आडवे होणाऱ्या माणसास कितीही गोळ्या चघळावयास दिल्या तरी उपयोग नाही. येथे निदानपरिवर्जन हीच चिकित्सा. त्याचप्रमाणे रॅमिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या रक्तदाबाच्या औषधांनीही काहींना घशात सतत खवखव व कोरडा खोकला येतो. त्या माणसास खोकल्याचे चाटण देण्याऐवजी त्याच्या चिकित्सकाकडे पाठवावे.

औषधीकालही सांगावयास विसरू नये. ऊर्ध्वजत्रुगत विकारांत निजतेवेळी औषध घेणे प्रशस्त मानले आहे. गोळी दातांनी फोडून गिळण्याची नसून सावकाश विरघळू द्यावयाची आहे, हे एक वाक्य दुकानदाराने सांगितले तरी औषधाचा गुण वाढतो.

कल्पाच्या पोटात काय आहे?

‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’ हे वाक्य आपल्या फळीवरून कायमचे हद्दपार व्हावे. प्रत्येक कल्पाचे घटक वाचल्यास त्याचे निषेधही आपोआप दिसतात.

सितोपलादी चूर्णात खडीसाखर सोळा, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलची दोन व दालचिनी एक असे एकतीस भाग असतात. म्हणजे निम्म्याहून अधिक साखर. तालीसादी चूर्णाच्या प्रचलित पाठात अठ्ठेचाळीस भागांपैकी बत्तीस भाग साखर असते. त्यावर पुन्हा मधाचे अनुपान. एलादी वटीत साखर, खजूर, द्राक्षा व मध आहेत. मधुमेही ग्राहकास हे सांगणे आपले कर्तव्य आहे. त्याच्यासाठी यष्टिमधूचा गंडूष किंवा साध्या मिठाच्या गुळण्या हा सोपा पर्याय असतो.

खदिरादी वटीच्या प्रचलित पाठांपैकी एकात खदिरासमवेत जायपत्री, कंकोळ, कापूर व पूग, म्हणजे सुपारी, येते. सुपारी ही कर्करोगजनक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली नोंदवले आहे. अल्प मात्रेत चार दिवस घेतलेल्या वटीने भय नाही. परंतु ज्याचे तोंड उघडत नाही, ज्यास गुटखा-माव्याची सवय आहे, अथवा जो वर्षभर ही वटी खिशात बाळगून चघळतो, त्यास सुपारीविरहित पाठाची वटी द्यावी. बाटलीवरील घटक वाचण्यास अर्धा मिनिटही लागत नाही.

लवंगादी वटी लोलिंबराजांच्या ‘वैद्यजीवना’तील. लवंग, मिरी व बेहडा समभाग, सर्वांइतका खदिरसार आणि बाभळीच्या काढ्याची भावना. आठ घटकांत, म्हणजे सुमारे तीन तासांत, कासाचा उपशम होतो असे ग्रंथकाराने मोठ्या आत्मविश्वासाने म्हटले आहे. गुण लवकर येतो हे खरे. म्हणूनच गुण लवकर न येणारा घसा संशयास्पद मानावा, असा बोध आपण त्यातून घ्यावयास हरकत नाही.

यष्टिमधु हे कंठ्यांतील श्रेष्ठ द्रव्य. शस्त्रक्रियेवेळी श्वासनलिकेत नळी घातल्याने होणारी घसादुखी यष्टिमधूच्या गुळण्यांनी कमी होते, असे लखनौ येथील भूलतज्ज्ञांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले. अर्धा ग्रॅम यष्टिमधु व तीस मि.ली. पाणी एवढाच तो खर्च! परंतु हेच द्रव्य मोठ्या मात्रेत अनेक आठवडे पोटात गेल्यास रक्तदाब वाढवते, पायांवर सूज आणते व रक्तातील पोटॅशियम घटवते. उच्च रक्तदाब, हृद्रोग वा वृक्कविकार असलेल्या, तसेच मूत्रल औषधे अथवा डिगॉक्सिन घेणाऱ्या रुग्णास ते चघळण्यास न देता गुळणीपुरते द्यावे.

टंकणाची लाही मधातून घशास लावण्याची पद्धत आपल्याकडे घरोघर आहे. प्रौढात अल्प मात्रेत प्रतिसारण करून लाळ थुंकून टाकणे योग्य. तान्ह्या मुलांना मात्र टंकण चाटवू नये. त्यांच्या शरीरात ते साठून विषार निर्माण होतो. एक वर्षाखालील बालकास मधही वर्ज्य आहे, कारण त्यातील जंतुबीजांपासून बोटुलिझम हा गंभीर आजार संभवतो. आजीबाईंना हे सांगताना चार शब्द गोडीने सांगावे लागतात, पण सांगावे. चघळावयाच्या कडक गोळ्या लहान मुलांच्या घशात अडकतात. त्यांना चाटण किंवा गुळणी हाच मार्ग.

चिठ्ठीविना न द्यावयाचे कल्प

आपल्या भागात सर्दी-घशासाठी त्रिभुवनकीर्ती मागून घेण्याची रीत रूढ आहे. या रसात हिंगूळ व वत्सनाभ आहेत. कफकेतूमध्ये वत्सनाभ आहे. नारदीय लक्ष्मीविलासात पारद व धोत्र्याचे बी आहे. हे उत्तम कल्प आहेत, वैद्याच्या हातातील शस्त्रे आहेत. आणि शस्त्र फळीवरून विकावयाचे नसते. अनुसूची ई(१) मधील विषारी द्रव्ये असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधांवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशा अर्थाची सावधगिरीची सूचना छापणे नियमाने बंधनकारक आहे. ती सूचना छापलेली डबी दुकानदाराने स्वतःहून ‘घ्या, दोन-दोन गोळ्या तीन वेळा’ म्हणून देणे हा त्या सूचनेचा उपहास होय. औषधालय चालवणाऱ्या बंधूंनी असे कल्प वेगळ्या कपाटात ठेवावेत, ही विनंती.

सुटी चूर्णे, लेबल नसलेल्या पुड्या, ‘एका दिवसात घसा मोकळा’ अशी हमी देणारी अनामिक औषधे यांपासून चार हात दूर राहावे. असामान्य वेगाने गुण देणाऱ्या पुडीत स्टिरॉइड असण्याचा संशय घ्यावा. वंशलोचनाच्या जागी कृत्रिम पदार्थ सर्रास वापरला जातो, हेही खरेदी करताना ध्यानी असावे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या दूषित औषधाने लहान मुले दगावली. त्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष आढळले. ते औषध आयुर्वेदीय नव्हते, म्हणून आपण निश्चिंत होण्याचे कारण नाही. उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, तुकडी क्रमांक व मुदत यांवाचून कोणतीही बाटली दुकानात येऊ न देणे, हा धडा सर्व पॅथींना सारखाच आहे.

गोळीने दुखणे थांबते, रोग थांबतो असे नाही

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. बहुतांश घसादुखी विषाणूजन्य असते व आठवड्याभरात आपोआप शमते. अशा वेळी आपल्या कंठ्य कल्पांनी रुग्णास सुख होते आणि अनावश्यक प्रतिजैविके टळतात. वाहणारे नाक, खोकला व बसलेला आवाज असलेल्या माणसाने फळीवर अ‍ॅझिथ्रोमायसिन मागितले, तर त्यास नकार देऊन गुळणी व लवंगादी वटी देणारा दुकानदार समाजाची मोठी सेवा करतो.

परंतु काही घशांत स्ट्रेप्टोकोकस जंतू असतो. विशेषतः पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत. दाटीवाटीच्या वस्तीत तो लवकर पसरतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडील आणि बीड जिल्ह्यातील ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या परिसरात कोप्या बांधून राहतात. तेथील मूल ताप आणि घसा घेऊन येते, बाप चौकातील दुकानातून गोळी नेतो, तीन-चार दिवसांत दुखणे थांबते, आणि सर्वजण प्रकरण विसरतात. दोन ते चार आठवड्यांनी त्याच मुलाचे सांधे सुजतात. आमवाताशी लक्षणसाम्य असल्याने पुन्हा सांध्यांचीच चिकित्सा होते. हा संधिवातज्वर हृदयाच्या झडपांना कायमची इजा करून जातो. घसा सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य प्रतिजैविक सुरू झाल्यास हे संकट बहुधा टळते. म्हणजे आपल्या गोळीने दिलेला आराम त्या नऊ दिवसांतला वेळ खात असेल, तर तो आराम महागात पडतो. यात गोळीचा दोष नाही. दोष ‘किती दिवस’ हे न विचारण्याचा आहे.

डॉ. रॉबर्ट सेंटॉर यांनी १९८१ साली प्रौढांसाठी चार सोपी चिन्हे मांडली : ताप, गिलायूंवर पांढरा स्राव, गळ्याच्या पुढील बाजूस दुखऱ्या गाठी आणि खोकल्याचा अभाव. यांपैकी तीन-चार असल्यास स्ट्रेप्टोकोकसची तपासणी करावी. मुलांच्या बाबतीत याहून कमी चिन्हांवरही वैद्याकडे पाठवणे श्रेयस्कर.

दुसरे भय घटसर्पाचे. करड्या रंगाचा, पुसल्यास रक्त येणारा पडदा, सुजलेली मान व ग्लानी ही लक्षणे वाचताना रोहिणीचेच वर्णन आठवते. लस न घेतलेल्या मुलांत तो आजही संभवतो. येथे गंडूष-प्रतिसारणात एक तासही घालवू नये. तत्काळ मोठ्या रुग्णालयात पाठवावे. तिसरे भय कर्करोगाचे. तंबाखू, मिश्री, विडी यांचे व्यसन असलेल्या माणसाचा तीन आठवड्यांहून अधिक बसलेला आवाज, एकाच बाजूस दुखणारा घसा किंवा गळ्यातील न दुखणारी गाठ यांवर चाटणे देत राहणे अक्षम्य होय.

फळीवरचे पाच प्रश्न

वरील सर्व विवेचनाचे सार पाच प्रश्नांत मांडता येते. दुकानदाराने औषध देण्यापूर्वी ते विचारावेत.

१. किती दिवसांपासून? पाच-सात दिवसांहून अधिक असल्यास, किंवा मुलास ताप असल्यास पहिल्याच दिवशी, वैद्याकडे.

२. ताप, गळ्यात गाठी, घशात पांढरे डाग आहेत काय? खोकला-सर्दी नसून हे असेल तर गोळी हा उपाय नव्हे.

३. पाणी गिळता येते काय? लाळ गळणे, तोंड न उघडणे, श्वासास त्रास, घोगरा-कोंडलेला आवाज ही आत्ययिक लक्षणे होत.

४. वय, गर्भारपण, मधुमेह, रक्तदाब, चालू औषधे? थायरॉइडसाठी कार्बिमॅझोल किंवा संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या रुग्णास ताप व घसा आला, तर त्याच दिवशी रक्ततपासणी हवी. या औषधांनी श्वेतकण घटलेले असू शकतात.

५. तंबाखूची सवय आहे काय, आणि आवाज कधीपासून बसला आहे?

पाचही उत्तरे निर्धोक असल्यास घशाचा प्रकार पाहून तीन दिवसांचेच औषध द्यावे. पुडीवर त्या दिवसाची तारीख लिहावी आणि ‘तीन दिवसांत उतार न पडल्यास वैद्यांना दाखवा’ एवढे तोंडी सांगावे. तोच ग्राहक पुन्हा त्याच गोळीसाठी आला की जुनी पुडी मागावी. तारीख स्वतःच बोलू लागते. वैद्यबंधूंनीही आपल्या परिसरातील दुकानदारांना हे पाच प्रश्न मराठीत लिहून द्यावेत व त्यांनी पाठवलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले ते त्यांना आवर्जून कळवावे. पाठवणाऱ्यास उत्तर मिळाले तरच तो पुढच्या वेळी पाठवतो.

यात दुकानदाराच्या दोन-चार बाटल्या कमी खपतील, हे मान्य. परंतु ज्या घरातील मुलाचे हृदय त्याच्या एका प्रश्नामुळे वाचले, ते घर पुढे आयुष्यभर त्याच दुकानाची पायरी चढते. असो. हंगाम तोंडावर आहे. पाच प्रश्नांचा एक कागद फळीच्या मागे चिकटवण्यास फार वेळ लागत नाही. तेवढे आपण सर्वांनी करावे, ही नम्र विनंती.